वर टाकलेला शब्द

९ जानेवारी

चि. मुलीस आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. तुझ्या आईचा गुडघा तसाच आहे आणि माझा स्वभावही. पत्ता मी तिच्या फोनच्या वहीतून उतरवून घेतला, ती शेजारी गेली होती तेव्हा. तिला सांगू नकोस. तिला कळलेलं असणारच, पण सांगू नकोस.

लिहिण्याचं कारण किरकोळ आहे. सोमवारी दुकानात एक बाई स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन आल्या. वीस ग्रॅमने खोटा होता. काट्यावरची अक्षरं ओळखीची वाटेनात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, मी फ्रेंच शिकवते, तिकडे राहत होते तेव्हा घेतलेला आहे. मी झाकण उघडलं, स्प्रिंग बघितली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या भाषेत पिसूला प्यूस म्हणतात ना?"

"म्हणतात," बाई म्हणाल्या.

"मग नवरा बायकोला पिसू का म्हणतो?"

त्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला राग आला. स्क्रू खाली पडला तो शोधायच्या निमित्ताने मी टेबलाखाली गेलो आणि जरा वेळ तिथेच थांबलो. वर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो काटेवाले, तुम्ही लेकराला कधी गधडे म्हणाला नाहीत? माकडा, ढमे, काहीच नाही? मग ती गाढव झाली का? ‘मा प्यूस’ म्हणजे माझी चिमुकली, माझी लाडकी. तिकडे ज्याच्यावर जीव आहे त्यालाच म्हणतात."

त्या दिवशीचं तुला काय सांगायचं, तू समोरच होतीस. पण माझ्या बाजूने ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी जावई पहिल्यांदा घरी आला होता, त्याची भाषा फ्रेंच. आपल्याला त्याच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मी खिशात मावेल असा एक कोश आणून ठेवला होता, हे तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. जेवताना तू त्याला पाण्याचा तांब्या दिलास आणि तो तुला ‘मा प्यूस’ असं काहीतरी म्हणाला. मी हात धुवायला म्हणून आत गेलो आणि शब्द शोधला. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, असा धक्के खात पिसूपर्यंत पोचलो. बाहेर येऊन जे बोललो ते बोललो. "माझ्या मुलीला पिसू म्हणणाऱ्याला या घरात पाट नाही." त्याला एक अक्षर कळलं नाही. तो माझ्याकडे बघून हसत होता बिचारा. तुला सगळं कळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

उंबऱ्यात बूट घालताना तू विचारलंस, "आणि तुम्ही मला आजवर काय म्हणालात, बाबा? एकदा तरी?" मी तांब्या उचलून आत ठेवायला गेलो. तुम्ही गेलात.

माझं चुकलं. हे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले.

आई म्हणते, मार्चअखेरीला तुम्ही दोघं आठ दिवस येताय आणि मावशीकडे उतरणार आहात. मावशीचं घर मोठं आहे, ते खरंच. मी काही म्हणत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. बाईंच्या काट्याचा दोष काढला. आता बरोबर दाखवतो.


२५ जानेवारी

चि. गुंजेस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मी अपेक्षा केलीही नव्हती, म्हणजे केली होती, पण तो भाग वेगळा.

तुला वरचं नाव वाचून हसू येईल. तू शाळेत जायला लागलीस आणि "मला तसं म्हणू नका, मुली चिडवतात" म्हणालीस, तेव्हापासून मी ते नाव मिटवून टाकलं होतं. आज का काढलं ते सांगतो.

मी त्या बाईंच्या वर्गाला जायला लागलोय. हे मागच्या पत्रात लपवलं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, औषधाच्या दुकानावरची खोली. वर्गात अकरा जण आहेत, त्यांतले दहा जण माझ्या अर्ध्या वयाचेही नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी बाईंचा काटा परत द्यायला आलोय. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी. पण घोडं आलंय खरं.

काय भाषा आहे गं! लिहायची सात अक्षरं आणि उच्चारायची चार. उरलेली तीन नुसती बसून राहतात, आपल्या घरच्या पाहुण्यांसारखी. बाई म्हणतात, ती काढता येत नाहीत, ती आहेत म्हणून बाकीची तशी वाजतात. मी दोन दिवस ह्याच गोष्टीचा विचार करत होतो.

आणि आपल्यासारखं त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे. गंमत म्हणजे त्यांचा तू हा जवळजवळ आपलाच तू. ओठ थोडे पुढे काढायचे, त्यू. तोंड करून दाखवलं तेव्हा तुझी आई म्हणाली, "शिट्टी मारताय का?" बाईंनी सांगितलं, घरात सगळे एकमेकांना त्यूच म्हणतात, मुलं बापालासुद्धा. मी हात वर केला आणि म्हटलं, "बाई, बापाला तू? आमच्याकडे हे नाही चालायचं." पोरं हसली. पण तू जन्मापासून मला तुम्ही म्हणत आलीस आणि आईला तू, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आईच्या गळ्यात पडायचीस. माझ्यासमोर उभी राहायचीस.

आता गुंजेचं. शुक्रवारी बाईंनी लाडाच्या शब्दांची यादी दिली. पिसू आहे, कोबी आहे, उंदीर आहे, बदकाचं पिल्लू आहे. मी विचारलं, हे सगळं एवढं बारकं का? बाई म्हणाल्या, "माया करायची म्हटलं की माणूस समोरच्याला लहान करतो. मुठीत मावेल एवढं." आणि माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

तू झालीस तेव्हा नर्सने तुला आणून वजनाच्या काट्यावर ठेवायला घेतलं. मी म्हटलं, "थांबा, काटा शून्यावर नाही." ती म्हणाली, "अहो, आधी मुलगी तर बघा." मी ऐकलं नाही. खिशातला छोटा पेचकस काढला, काटा शून्यावर आणला, मगच तुला ठेवू दिलं. तुझी आई अजून लोकांना सांगते की ह्या माणसाने मुलीचं तोंड बघायच्या आधी काटा दुरुस्त केला. खरं आहे. तुझं पहिलं माप खोटं निघू नये एवढंच मला सुचलं. दोन किलो चारशे. मी म्हटलं, ही तर गुंजभर आहे. सोनं तोलायची ती लाल बी, आमच्या धंद्यातलं सगळ्यांत लहान वजन. तेव्हापासून तू गुंज.

म्हणजे बघ. त्याला सगळ्यांत लहान जीव आठवला, मला सगळ्यांत लहान वजन. दोघं एकच शब्द बोलत होतो आणि मी त्याला घराबाहेर काढलं. फळ्यासमोर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, पंखा कमी करू का?"

हे जावयाला सांग. गुंज म्हणजे काय तेही सांग.

तुझा,
बाबा


१७ फेब्रुवारी

गुंजे,

आज फार लिहीत नाही. सोबत एक कार्ड आहे. त्यावरचा मजकूर फ्रेंचमध्ये आहे आणि तो माझा मीच लिहिलाय, बाईंना न दाखवता. काही गोष्टी मास्तरांकडून तपासून घ्यायच्या नसतात.

उंबऱ्यात जे विचारलं होतंस त्याचं ते उत्तर आहे. मराठीत मला जमलं नसतं. मराठीत ते वाक्य मी कधी ऐकलेलंच नाही, ना आमच्या वडिलांकडून ना त्यांच्या वडिलांकडून. आमच्याकडे "जेवलीस का?" एवढ्यावर भागायचं. परक्या भाषेत कसं, जीभ आपली असते पण लाज घरी राहते.

घरी तुझ्या आईवर सराव केला. ती ओट्याशी उभी होती. मागून जाऊन म्हटलं, "झ तेम." ती म्हणाली, "आधी तो गॅस बारीक करा." मग अर्ध्या तासाने स्वतःच येऊन विचारलं, "मघाशी काय म्हणालात?" अर्थ सांगितला. संध्याकाळी चहात साखर मात्र दोन चमचे जास्त होती.

तुला लिहिताना नुसतं तेवढंच लिहायला मन धजेना. फार उघडं वाटलं, कोरडंही. म्हणून शेवटी एक शब्द वर टाकलाय. दुकानात तू माझ्याजवळ बसायचीस तेव्हा मी वाण्यांना काय सांगायचो ते तुला आठवत असेल. काटा बरोबर आला की थांबू नका, वर चिमूटभर टाका. माप काट्याचं, चिमूट आपली.

बाबा


२६ फेब्रुवारी

गुंजे, गुंजे,

ते कार्ड पोचलं असेल तर वाचू नकोस. वाचलं असशील तर हे पत्र हातात धरून पुन्हा वाच. पेन घे आणि शेवटचा शब्द खोडून टाक. बियँ. तो खोड.

काल वर्गात बाई म्हणाल्या, "आज प्रेमाच्या पायऱ्या." फळ्यावर लिहिलं, झ तेम. खाली लिहिलं, झ तेम बियँ. मी मनात म्हटलं, आलं, आपलं वाक्य आलं, आता हे वरच्या पायरीवर असणार. बियँ म्हणजे चांगलं, छान. नुसतं प्रेम आहे, आणि हे चांगलं प्रेम आहे. अकरा जणांत मीच हात वर करून हे सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिथेच सगळे फसतात, काटेवाले. बियँ लावलं की ते खाली येतं. ‘तू मला बरा वाटतोस’ एवढंच उरतं. शेजाऱ्याला म्हणावं, ऑफिसातल्या मित्राला म्हणावं. खरं प्रेम असेल तर पुढे काहीच लावत नाहीत."

मी म्हटलं, "बाई, परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. मी वही मिटून घरी आलो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आठ वर्षं मुलगी बापाकडे एक वाक्य मागते, बाप परक्या भाषेत ते शिकतो, तिकीट लावून पाठवतो, आणि वाक्य निघतं काय, तर तू मला बरी वाटतेस! तिकडे राहून तुझं फ्रेंच पाण्यासारखं झालं असेल. तू वाचलंस त्या क्षणी तुला काय वाटलं असेल, ह्या विचाराने मी रात्री ताटावरून उठलो.

पण गुंजे, मी आज सकाळी दुकानात मोठा तराजू समोर घेऊन बसलो होतो, आणि खरं सांगतो, दुःख बाजूला राहिलं आणि मी थक्क होऊन गेलो. चव्वेचाळीस वर्षं हा धंदा केला. पारड्यात काही टाकलं की ते खाली जातं. गहू टाका, लोखंड टाका, कापूस टाका, खाली जातं. एवढ्या एका गोष्टीवर माझं घर चाललं. आणि जगात एक पारडं असं आहे की ज्यात काही नसतं तेव्हा ते सगळ्यांत जड असतं, आणि एक चांगला शब्द टाकला की वर उचललं जातं. हे कोणी ठरवलं असेल? कोणत्या आजीने, कोणत्या पोराने पहिल्यांदा? लाखो लोक रोज हे माप वापरतात आणि कुणाचा काटा चुकत नाही. माझी सगळी विद्या त्यांच्यापुढे पासंगालाही पुरणार नाही.

मी आयुष्यभर वर काहीतरी टाकतच आलो. तुला शाळेत सोडायला आलो की छत्रीबद्दल बोलायचो. तू परीक्षेत पहिली आलीस तेव्हा म्हणालो, छान, पण अक्षर सुधार. नुसतं काही कधी दिलंच नाही.

तेवढा शब्द खोड. खाली जे उरेल ते माझं.

बाबा


९ मार्च

गुंजे,

मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा बाहेरच्या खोलीत गेलो, पण दार लोटलं नाही. आई म्हणते, कार्डाबद्दल तू काही बोलली नाहीस. उतरण्याबद्दलही नाही. मावशीने मात्र पाहुण्यांसाठी नवीन चादरी आणल्या आहेत, हे तिने आम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं.

वर्गाला जातो अजून. आईने विचारलं, "आता कशाला?" मी म्हटलं, सवय लागली. खरं म्हणजे दर वेळी वाटतं, आज काहीतरी असं कळेल की ज्याने झालेली चूक सरळ होईल. तसं काही कळत नाही, पण दुसरंच कळतं.

परवाचं ऐक. आपल्याकडे म्हणतात, तुझी आठवण येते. आठवण ही एक बाई, ती येते, बसते, जाते. आपण इथे, तू तिथे, दोघंही शाबूत. बाई म्हणाल्या, फ्रेंच माणूस तसं म्हणत नाही. तो वाक्य उलटं करतो. त्यू म माँक. मी म्हटलं, शब्दाला शब्द लावून सांगा. त्या अडल्या. म्हणाल्या, "तू मला... कमी आहेस? तू माझ्यात नाहीस? नाही हो, मराठीत नीट येत नाही."

मी म्हटलं, "येतं. तू मला उणी आहेस."

बाईंनी खडू खाली ठेवला. कुणालाच वाटलं नव्हतं की तो शब्द माझ्या दुकानात पडलेला असेल. किलोला पन्नास ग्रॅम उणं, पोत्याला पाव किलो उणं, दिवसातून वीसदा म्हणतो मी तो. उणं म्हणजे आठवण नव्हे. उणं मोजता येतं. एका बाजूला ठेवलेलं माप दुसऱ्या बाजूला पोचत नाही, आणि काटा तिरका उभा राहतो. आठ वर्षं ह्या घरातला काटा तसा उभा आहे आणि मी, एवढा कारागीर, म्हणत राहिलो की हवा लागत असेल.

हे फ्रेंचमध्ये लिहून पाठवायची मात्र हिंमत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मराठीतच ठेवतो.

मावशीकडे उतरलात तरी एक दिवस दुकानात ये. जावयालाही आण. त्याला तराजू दाखवीन.

बाबा


२१ मार्च

गुंजे,

आज दुपारी तुझं कार्ड आलं. पोस्टमनने दुकानात आणून दिलं. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांबा. तो अर्धा तास थांबला. भला माणूस.

वर मराठीत तुझ्या त्या तिरप्या अक्षरात: "बाबा, बियँ खोडणार नाही. कार्ड उघडलं तेव्हा त्याने वाचलं आणि म्हणाला, तुझे बाबा चुकले बहुतेक. मी म्हटलं, नाही, त्यांनी वर चिमूटभर टाकलंय. बरोबर लिहिलं असतंत तर मला वाटलं असतं बाईंनी लिहून दिलं. तुमचं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. २९ तारखेला, शनिवारी सकाळी अकराला पोचतो. मावशीला सांगितलंय, चादरी ठेवून दे."

एवढं वाचून मी चष्मा पुसला. मग खालची ओळ वाचली, फ्रेंचमधली. चारच शब्द. त्यू म माँक, पापा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मी मराठीत ठेवलेलं उण्याचं वाक्य तू फ्रेंच करून परत पाठवलंस. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाईंचं व्याकरण आठवलं. ह्या वाक्यात कर्ता तो असतो जो जवळ नसतो. म्हणजे मी. आठ वर्षं हातावर हात ठेवून बसलो, काही म्हणजे काही केलं नाही, आणि तू मला कर्ता केलंस.

तिसऱ्यांदा वाचताना नजर पहिल्याच शब्दावर अडली. त्यू.

वरच्या सगळ्या मराठीत मी तुम्ही आहे. तुम्ही टाकलंत, तुमचं पत्र, लिहिलं असतंत. आणि खालच्या ओळीत तू. बापाला. मी वर्गात हात वर करून म्हणालो होतो, आमच्याकडे हे नाही चालायचं. गुंजे, मी तो एक शब्द मोठ्याने वाचला. गिऱ्हाईक म्हणालं, "मला काही म्हणालात?" मी म्हटलं, "नाही हो. मुलगी मला म्हणतेय."

घरी जाऊन आईला दाखवलं. ती म्हणाली, "मला तर ती कायमच तू म्हणते. त्यात काय एवढं?" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन तुमची खोली झाडायला घेतली. गुडघा दुखत असताना.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचेल की नाही ठाऊक नाही. पोचलं तर एक कर. शनिवारी उंबऱ्यात आलीस की मराठीत बोल, फ्रेंचमध्ये बोल, कशातही बोल. मी दार उघडीन आणि मला काही सुचणार नाही, बहुतेक प्रवास कसा झाला असंच विचारीन. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त मला विचार, "कसा आहेस?"

बाबा